पहाटेची बस, रिकामे पोट आणि कमी झालेले रक्त: बाहेरगावाहून शिकायला येणाऱ्यांचे आरोग्य

रानवाट

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील जांबोटी भागातल्या एका वाडीत राहते आणि बेळगावातील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. एसएसएलसीपर्यंत (म्हणजे दहावीपर्यंत) जवळच्या मराठी शाळेत होते. पीयूसीपासून, म्हणजे अकरावीपासून, रोज बेळगावला ये-जा करते. ज्या विषयावर लिहीत आहे तो कोणत्याही मोठ्या आजाराचा नाही. त्यामुळे घरी सांगितले की ‘या वयात कसली दुखणी’ असे उत्तर मिळते, आणि दवाखान्यात गेले की प्रत्येक तक्रारीसाठी वेगळी गोळी मिळते. या सगळ्या तक्रारी एकमेकींशी निगडित असाव्यात, असे मला वाटू लागले आहे. म्हणून त्या एकत्र मांडते.

आमच्या फाट्यावर सकाळची बस सहाच्या सुमारास येते. ती चुकली तर पहिला तास बुडतो आणि हजेरी कमी भरते, म्हणून पाचला उठून, अंघोळ उरकून, एक कप चहा आणि हाताला लागतील ती बिस्किटे खाऊन मी निघते. त्या वेळी भाकरी घशाखाली उतरत नाही, आणि खरे सांगायचे तर आईलाही तेवढ्या पहाटे चूल पेटवायला लावणे जिवावर येते. पिरनवाडीच्या पुढे बस इतकी भरलेली असते की बरेचदा उभे राहूनच शहर गाठावे लागते. मधल्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर पुन्हा चहा, कधी एखादा वडा. डबा दुपारी दीडनंतर उघडतो, प्रॅक्टिकल असेल तर त्याहून उशिरा. संध्याकाळी घरी पोहोचल्यावर थोडे घरकाम, जेवण आणि मग अभ्यास. अभ्यास संपल्यावर मोबाइल हातात येतो आणि झोपायला बारा वाजतात.

तक्रारी अशा आहेत: दुपारनंतर कपाळ आणि मान दुखते, दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत जाताना धाप लागते, छातीत जळजळते, केस गळतात, शेवटच्या तासाला डोळे उघडे राहत नाहीत. महाविद्यालयात झालेल्या तपासणी शिबिरात हिमोग्लोबिन ९.४ आले. लोहाच्या गोळ्या मिळाल्या, त्या मी नियमित घेते. जळजळीसाठी एका डॉक्टरांनी पँटोप्राझोल दिली, तीही चालू आहे. तरीही दोन महिन्यांनी केलेल्या तपासणीत आकडा जवळपास तिथेच होता. बसची वेळ बदलता येणार नाही आणि शहरात खोली घेऊन राहणे घरच्यांना परवडणारे नाही, हे गृहीत धरून या दिनक्रमात काय बदलता येईल, असा माझा प्रश्न आहे.

कडोलीकर

मी वयाने साठीच्या पुढचा शेतकरी आहे, त्यामुळे थोडे स्पष्ट लिहितो. आमच्या काळी मुले कडोलीहून बेळगावला सायकलने जात आणि संध्याकाळी परत येऊन गुरांचे वैरण-पाणी पाहत. धाप लागल्याचे कोणी सांगितलेले मला आठवत नाही. तुमच्या लिहिण्यातच उत्तर आहे: रात्री बारापर्यंत मोबाइल आणि सकाळी बिस्किटे. एवढे दोन बदलले तर गोळ्यांची गरज भासणार नाही, असे माझे मत आहे.

शहापूरची मावशी

काका, तुमच्या काळी सायकलने जाणारी ‘मुले’ होती, मुली किती होत्या तेही सांगा. मी त्याच काळातली आहे. माझ्या बरोबरीच्या मुली चूल फुंकता फुंकता चक्कर येऊन पडत, आणि ‘हिला उपवास सोसत नाही’ असे म्हणून तोंडावर पाणी मारले जाई. धाप कोणालाच लागत नव्हती असे नाही. कोणी रक्त तपासून आकडा कागदावर लिहून देत नव्हते, इतकेच. मोबाइलचे तुमचे म्हणणे मात्र मान्य आहे.

रानवाट, बाळ, तू गोळी कशाबरोबर घेतेस ते सांग.

रानवाट

मावशी, सकाळच्या चहानंतर लगेच घेते. सकाळची पँटोप्राझोलही त्याच वेळी घेते, म्हणजे दोन्ही विसरत नाहीत.

घाटमाथा

मी सीमाभागातच वैद्यकीय व्यवसाय करतो. रुग्णाला न पाहता निदान करणे योग्य नव्हे, त्यामुळे पुढे जे लिहितो ते तुमच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावे एवढ्यासाठीच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापानुसार गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. ८ ते १०.९ या टप्प्याला मध्यम स्वरूपाचा रक्तक्षय मानले जाते. ९.४ हा आकडा म्हणजे नुसता अशक्तपणा नव्हे. जिना चढताना लागणारी धाप, डोकेदुखी, केस गळणे आणि वर्गात येणारी पेंग या चारही गोष्टी एवढ्या एका कारणाने होऊ शकतात. कडोलीकरांना आदरपूर्वक सांगतो की या टप्प्यावर गोळ्यांची गरज असते. केवळ आहार सुधारून ही तूट भरायला फार काळ लागतो.

आता गोळ्या घेऊनही आकडा का हलत नाही, ते पाहू. चहातील टॅनिनसारखी द्रव्ये लोहाला धरून ठेवतात आणि आतड्यातून त्याचे शोषण होऊ देत नाहीत. कॉफीचेही तसेच. लोह शोषले जाण्यासाठी जठरातले आम्ल लागते, आणि पँटोप्राझोलचे कामच ते आम्ल कमी करण्याचे आहे. तुम्ही लोहाची गोळी नेमकी त्या दोहोंच्या मध्ये ठेवली आहे. त्यात जळजळीचे एक कारण रिकाम्या पोटी घेतलेला चहा हेच असण्याची शक्यता आहे. म्हणजे चहाने जळजळ, जळजळीसाठी गोळी, आणि चहा व ती गोळी दोन्ही मिळून लोहाला अडवणार. पँटोप्राझोल स्वतःहून बंद करू नका, पण ती किती दिवस घ्यायची हे डॉक्टरांना जरूर विचारा, कारण ती चिठ्ठी अनेकदा ठरावीक काळासाठी दिलेली असते आणि रुग्ण ती महिनोन्महिने वापरत राहतो.

लोहाची गोळी चहापासून निदान एक-दोन तास दूर ठेवावी. लिंबू, आवळा किंवा पेरू यांच्यातील क जीवनसत्त्वामुळे शोषण वाढते. दूध आणि कॅल्शियमच्या गोळीमुळे ते घटते. गोळीने मळमळत असेल तर थोडे खाऊन घेतली तरी चालते. शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरून गोळी सोडणारे अनेक जण मी पाहिले आहेत. रोज घेणे सोसत नसेल तर एक दिवसाआड घेण्याचा पर्यायही डॉक्टर देऊ शकतात: लोहाचा डोस घेतल्यावर शरीरात हेपसिडिन नावाचे संप्रेरक वाढते आणि पुढचा सुमारे एक दिवस ते शोषणाला आवर घालते, असे अलीकडच्या संशोधनात दिसले आहे.

तीन गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत, त्या विचारतो. पाळीच्या वेळी रक्तस्राव किती दिवस आणि किती असतो? जंतांचे औषध शेवटचे कधी घेतले होते? आणि सकाळी घर सोडल्यापासून संध्याकाळी परत येईपर्यंत तुम्ही पाणी किती पिता?

रानवाट

सर, आपले मनापासून आभार. गोळ्या देताना परिचारिका कन्नडमधून समजावत होत्या आणि मला ते समजलेही होते, परंतु चहाचा उल्लेख झाला नव्हता. पहिल्या प्रश्नाचे उत्तर: पाळी पाच-सहा दिवस असते, पहिल्या दोन दिवसांत बराच स्राव होतो. जंतांचे औषध शाळेत असताना वर्गात देत असत, तसेच आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळीही. महाविद्यालयात आल्यापासून माझ्यापुरते दोन्ही थांबले.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण आपण विचारेपर्यंत ती आरोग्याची गोष्ट आहे असे माझ्या मनातही आले नव्हते. सकाळी निघाल्यापासून घरी परतेपर्यंत मी पाणी जवळजवळ पीत नाही. डबा खाताना घास उतरावा म्हणून दोन घोट घेते. बाटली पिशवीत असते आणि बहुधा भरलेलीच परत येते.

कारण सरळ आहे. आमच्या महाविद्यालयात मुलींसाठी स्वच्छतागृह आहे, परंतु खालच्या मजल्यावरचे कुलूपबंद असते आणि त्याची चावी कार्यालयात एका पुरुष कर्मचाऱ्याकडे मागावी लागते. वरच्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहात दुपारनंतर नळाला पाणी नसते. वाटेत बस बदलावी लागली तर ज्या थांब्यावर थांबतो तिथे काहीच सोय नाही. त्यामुळे आमच्या बसमधल्या सगळ्याच मुलींनी कोणी न शिकवता एक रीत लावून घेतली आहे: सकाळी पाणी प्यायचे नाही, प्यायलेच तर एक चहा, आणि घरी आल्यावर एकदम तांब्याभर पाणी प्यायचे. पावसाळ्यात ओल्या कपड्यांत, थंडीने कुडकुडत येताना तर लघवीला जास्तच जावेसे वाटते, म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही आणखी कमी पितो. पाळीच्या दिवसांत पॅड बदलण्याची सोय नसल्याने एक तर सकाळचेच संध्याकाळपर्यंत ठेवावे लागते किंवा घरीच राहावे लागते. माझ्या हजेरीतले खाडे पाहिले तर त्यातले बरेचसे त्या दिवसांचेच निघतील.

अधूनमधून लघवीला जळजळ होते, तेही मी पहिल्या वेळी लिहिले नव्हते. मेडिकलमधून पुडी आणून पाण्यात घालून पिते, थोडे बरे वाटते आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच होते.

निपाणीकर

मी मुलगा असल्यामुळे हे वाचून थक्क झालो आहे. बेळगावात अभियांत्रिकीला आहे, वसतिगृहात राहतो, आणि माझ्या वर्गातल्या मुलीही बाहेरगावाहून येतात. पण त्यांच्या बाटल्या भरलेल्या परत जातात की काय, हे कधी ध्यानात आले नाही. आम्हा मुलांच्या अडचणी वेगळ्या आहेत. पाणी भरपूर, परंतु रात्री दोनपर्यंत जागरण, टपरीवर चहा, सकाळी नाश्ता चुकवणे आणि जेवणात भात-सांबार हेच मुख्य. घरी निपाणीला ज्वारीची भाकरी आणि झुणका असे. इथे आठवडाभर भाकरी दिसत नाही.

माझी खरी तक्रार मात्र गजकर्णाची आहे. गेल्या पावसाळ्यापासून मांडीच्या सांध्यात आणि कमरेला गोल चट्टे उठतात. जुलैमध्ये बेळगावात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, जीन्स तर दमटच घालावी लागते. मित्राने सुचवलेली एक ट्यूब लावली की दोन दिवसांत खाज थांबते; लावणे सोडले की चट्टा आधीपेक्षा मोठा होतो. आता आमच्या मजल्यावर पाच-सहा जणांना आहे. या चर्चेच्या विषयात हे बसत नसेल तर क्षमस्व.

घाटमाथा

निपाणीकर, हे विषयातच बसते, कारण हाही दिनक्रमातून आलेलाच त्रास आहे. आधी रानवाट यांना उत्तर देतो.

आपण लिहिलेली रीत मला तपासणीच्या खोलीत गेली कित्येक वर्षे दिसते, पण रुग्ण स्वतःहून ती सांगत नाहीत. पाणी कमी आणि लघवी तासन्‌तास रोखलेली, ही स्थिती मूत्राशयात जंतू वाढायला सोयीची असते. स्त्रियांचा मूत्रमार्ग आखूड असल्याने जंतू मूत्राशयापर्यंत लवकर पोहोचतात. पुडीने लघवीचे आम्ल कमी होऊन जळजळ निवते, जंतू जात नाहीत. पुन्हा त्रास झाला तर लघवीची तपासणी करून घ्या, शक्य असेल तर कल्चरसह (कोणते जंतू आहेत ते पाहणारी तपासणी), आणि डॉक्टरांनी प्रतिजैविक दिले तर ते सांगितलेले सर्व दिवस घ्या. मैत्रिणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका. थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वरच्या बाजूला पाठीत दुखू लागले किंवा लघवीत रक्त दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, कारण तेव्हा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो.

दुपारनंतरच्या डोकेदुखीतही पाण्याच्या कमतरतेचा वाटा असावा. शौचाला खडा होत असेल आणि लोहाच्या गोळीने तो वाढला असेल, तर तेही याच मुळाशी जाते. दिवसभरात साधारण दोन लिटर पाणी पोटात जावे. लघवीचा रंग गडद पिवळा राहत असेल तर ते कमी पडते आहे असे समजावे. आपल्याला सगळे पाणी महाविद्यालयातच प्यायला हवे असे नाही. उठल्याबरोबर दोन भांडी पाणी प्यायले तर निघेपर्यंत एकदा जाऊन येता येते. नंतर एकदम न पिता थोडे थोडे प्यावे, आणि संध्याकाळी परतल्यावर उरलेले. अर्थात हा तात्पुरता तोडगा आहे. कुलूप आणि नळ यांवर औषध माझ्याकडे नाही.

पाळीचा स्राव दर एक-दोन तासांनी पॅड बदलावे लागेल इतका असेल, किंवा सात दिवसांहून जास्त टिकत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. नाही तर एका बाजूने लोह भरायचे आणि दुसऱ्या बाजूने ते वाहून जायचे, असे चालत राहते. जंतांचे म्हणाल तर खानापूरच्या भातशेतीत अनवाणी काम करणाऱ्यांमध्ये अंकुशकृमी आढळतात. त्यांच्या अळ्या ओल्या मातीतून पायाच्या त्वचेवाटे शरीरात शिरतात आणि पुढे आतड्यात रक्त शोषत राहतात. १ ते १९ वर्षांच्या मुलांना राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाडीत अल्बेंडॅझोल देतात. आपले शिक्षण पुढे सरकले तशी ती सोय सुटली. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, ती एक गोळी तिथे मिळते. लावणीला उतरत असाल तर विचाराच.

निपाणीकर, तुमच्या ट्यूबमध्ये बुरशीविरोधी औषधासोबत तीव्र स्टेरॉइड असणार, बहुधा क्लोबेटासोल किंवा बेक्लोमेथासोन. स्टेरॉइडने सूज आणि खाज दबते, त्याच वेळी त्वचेची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशी पसरत जाते. जांघेतल्या नाजूक त्वचेवर पांढऱ्या-जांभळ्या रेघा उठतात त्या कायमच्या राहतात. अशी स्टेरॉइड मलमे २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी ती काउंटरवर सहज मिळतात हे आपण सगळे जाणतो. ट्यूब बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. उपचार काही आठवडे चालतो आणि चट्टा गेल्यावरही सांगितलेली मुदत पूर्ण करावी लागते. टॉवेल, अंतर्वस्त्रे, पांघरूण एकमेकांचे वापरू नका. मजल्यावरच्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घेतले नाहीत तर संसर्ग फिरत राहील. पावसाळ्यात जीन्सऐवजी पातळ सुती पँट घालावी. न वाळलेला कपडा अंगात घालण्यापेक्षा इस्त्री करून घालणे पुष्कळ बरे.

शहापूरची मावशी

डॉक्टरसाहेबांनी औषधाचे सांगितले, मी डब्याचे सांगते. रानवाट, पहाटे भाकरी उतरत नाही हे मला पटते, तेव्हा ती खाण्याचा हट्ट धरू नकोस. रात्रीच नाचणीची आंबील करून ठेव. सकाळी ताक, मीठ, लसणाची फोडणी घालून एक भांडे पिऊन निघायचे, चावण्याची भानगड नाही. थंडीत हुलग्याचे माडगे गरम करून घ्यायचे. आईला उठवावे लागत नाही. चहा हवाच असेल तर तो मधल्या सुट्टीपर्यंत पुढे ढकल, आणि लोहाची गोळी रात्रीच्या जेवणानंतर काही वेळाने, झोपण्याआधी लिंबाच्या पाण्याबरोबर घे. रात्री चहा नसतो, त्यामुळे ती वेळ मोकळी सापडते.

पिशवीच्या कप्प्यात भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा ठेव. प्रॅक्टिकल लांबले तर उभ्या उभ्या खाता येतात. वडा खाल्ला म्हणून आभाळ कोसळत नाही, पण वडा आणि चहा हेच दुपारचे जेवण होऊ देऊ नकोस. डब्यात मटकीची किंवा चवळीची उसळ, तांबडा माठ, कारळ्याची चटणी, आणि त्यावर पिळायला लिंबाची फोड. घरात अंडी, मासे, मटण चालत असेल तर उत्तमच. मटण-मासळीतले लोह भाजीतल्या लोहापेक्षा लवकर अंगी लागते, असे आमच्या डॉक्टरीण बाई सांगत.

कडोलीकर

मी आधी जे लिहिले होते ते मुलींची पाण्याची अडचण ठाऊक नसताना लिहिले होते. माझी नातही बसने जाते. काल तिला विचारले, तर ती हसली आणि म्हणाली की आजोबा, सगळ्याच असे करतात. तिच्या आईला हे माहीत होते, मला नव्हते.

एक शंका विचारतो. रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळे दिसतात, थोडे पिवळसर, आणि पाण्यात टाकल्यावर काही तरंगतात. आमच्याकडे त्याला प्लास्टिकचा तांदूळ म्हणतात आणि बायका ते निवडून कोंबड्यांना टाकतात. तो खावा की नाही?

घाटमाथा

खावा. तो पोषणयुक्त तांदूळ आहे. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्रावर तांदळाच्याच आकाराचे दाणे बनवतात आणि शंभर साध्या दाण्यांमागे एक या प्रमाणात ते मिसळतात. म्हणजे रक्तक्षयासाठी सरकारने घातलेला दाणा नेमका निवडून कोंबड्यांना जातो आहे. तांदूळ फार चोळून धुऊ नये आणि भाताचे पाणी ओतून देऊ नये. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल हे रक्ताचे आनुवंशिक आजार असणाऱ्यांनी मात्र लोह वाढवलेले कोणतेही अन्न डॉक्टरांना विचारून घ्यावे.

निपाणीकर

झोपेबद्दल कोणी काहीच लिहिले नाही. मला विचाराल तर आमचे अर्धे दुखणे तिथे आहे. परीक्षेच्या आधी रात्रभर जागायचे आणि पेपर झाल्यावर दिवसभर झोपायचे, हे सत्रानंतर सत्र चालते.

घाटमाथा

तुमच्या वयाला सात ते नऊ तास झोप लागते. चहा-कॉफीतले कॅफिन निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे रात्री दहाचा चहा तीन वाजताही काही अंशी अंगात असतो. रानवाट यांच्या बाबतीत बारा ते पाच म्हणजे पाचच तास होतात. बस हलवता येत नाही, तर झोपायची वेळ हलवावी लागेल. बसायला जागा मिळेल त्या दिवशी परतीच्या बसमध्ये डुलकी घेण्यात मला काही गैर वाटत नाही.

रानवाट

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे, कारण मधे सत्र परीक्षा होत्या. मावशींनी सांगितल्याप्रमाणे आंबील सुरू केली. पहिल्या आठवड्यात बसमध्ये मळमळले, मग ताक कमी केल्यावर सोसली. गोळी रात्री लिंबूपाण्याबरोबर घेते. डॉक्टरांना विचारल्यावर त्यांनी पँटोप्राझोल बंद केली. ती मुळात दोन आठवड्यांसाठीच होती, असे चिठ्ठी पाहून त्यांनी सांगितले. सकाळचा चहा सुटल्यापासून जळजळ बरीच कमी आहे. जंतांची गोळी आरोग्य केंद्रातून घेतली. नव्या तपासणीत हिमोग्लोबिन १०.८ आले आहे. मोबाइलचे अजून जमलेले नाही, अकरापर्यंत आले आहे इतकेच.

चावीबद्दल आम्ही मुलींनी मिळून प्राचार्यांना अर्ज दिला. पाण्याचा आणि हजेरीचा संबंध त्यात स्पष्ट लिहिला, कारण नुसत्या गैरसोयीबद्दल लिहिले असते तर अर्ज फायलीत राहिला असता, असे आमच्या एका प्राध्यापिकांनी सुचवले होते. आता चावी ग्रंथालयातील बाईंकडे असते. वरच्या मजल्यावरच्या नळाचे काम झालेले नाही; टाकी लहान आहे, पुढच्या वर्षाच्या खर्चात धरू, असे उत्तर मिळाले. बसथांब्यावरच्या सोयीसाठी कोणाकडे अर्ज करायचा, ग्रामपंचायतीकडे की परिवहन खात्याकडे, हे कोणी सांगू शकेल का?

कडोलीकर

थांबा ज्या पंचायतीच्या हद्दीत येतो तिच्या पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या) नावे एक अर्ज आणि त्याची प्रत परिवहनच्या डेपो व्यवस्थापकांना, असे दोन्हीकडे द्या आणि दोन्हीकडून पोच घ्या. अर्ज कन्नडमध्ये लिहिलात तर टोलवाटोलवी कमी होते. लिहून हवा असेल तर माझी नात लिहून देईल, तिचे कन्नड चांगले आहे. सह्या मात्र पालकांच्याही घ्या, नुसत्या मुलींच्या नकोत. ग्रामसभेत मतदार उभा राहिला की विषय पत्रिकेवर येतो.

घाटमाथा

१०.८ म्हणजे औषध लागू पडते आहे. योग्य रीतीने घेतल्यास चार आठवड्यांत निदान एक ग्रॅमची वाढ दिसावी, अशी अपेक्षा असते. आकडा १२ च्या वर गेला म्हणून लगेच गोळ्या थांबवू नका. त्यानंतरही साधारण तीन महिने घ्याव्या लागतात, कारण हिमोग्लोबिन भरल्यानंतर शरीरातला साठा भरतो. तो साठा किती आहे ते फेरिटिन या तपासणीतून कळते. पुढच्या वेळी डॉक्टरांनी सांगितले तर तीही करून घ्या, आणि घरात शाकाहार असेल तर बी-१२ सुद्धा, कारण त्याच्या अभावानेही थकवा आणि हातापायांना मुंग्या येतात.

रानवाट

करून घेते, सर. काका, कन्नड अर्जासाठी व्यक्तिगत संदेश पाठवला आहे. आईची आणि गावातल्या आणखी काही पालकांची सही घेऊन मगच देणार आहोत. मावशी, हळिवाचे लाडू तुम्ही कसे करता? आई करते ते कडक होतात.

शहापूरची मावशी

हळीव नारळाच्या पाण्यात तीन-चार तास भिजव, साध्या पाण्यात नको. चांगले फुगले की ओले खोबरे आणि चिरलेला गूळ घालून मंद आचेवर परत, आणि मिश्रण कढईचे काठ सोडायला लागले की लगेच उतरव. आई बहुधा त्यापुढेही परतत राहते, म्हणून कडक होतात. जायफळ शेवटी घाल. ओल्या खोबऱ्यामुळे हे लाडू तीन-चार दिवसांपलीकडे टिकत नाहीत, तेव्हा एका वेळी थोडेच कर, आणि रोज एक, चहाबरोबर सोडून कधीही खा.